शेजारची बाग जागी झाली, माझी कधी होणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. थंडी ओसरून तीन आठवडे झाले. शेजारच्या बागेत कळ्या दिसू लागल्या, आणि तुमच्याकडे सगळं अर्धवट. गुलाबाला फुटवे आले, पण तांबडेलाल, आजारी वाटावेत असे. मोगऱ्याची पानं पिवळी पडून गळताहेत. अडेनियम आणि चाफा म्हणजे नुसते दांडके. हायड्रेंजियाला पानं आली, कळी नाही. शेवंती हिरवीगार, पण फुलायचं नाव नाही. थंडीच्या शेवटी तुम्ही सगळ्या झाडांची एकसारखी छाटणी केलीत, मग रोज पाणी सुरू केलंत, खत दुप्पट केलंत, आणि आता विचारताय की नेमकं कुठलं खत कमी पडतंय.

खत कमी पडत नाहीये. बहुधा जास्तच झालंय.

तुमचं वाचून मला वाटलं, तुम्ही सगळ्या बागेला मिळून एकच गजर लावलाय. तीस वर्षं मी रोपं वाढवते आहे, आणि वसंताच्या सुरुवातीला माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्याशिम्म्या याच जातीच्या असतात. कोणी झाड उबेवर उठतं, कोणी रात्रीची लांबी बघून, कोणी पाण्याच्या चाहुलीवर. जे उबेची वाट बघत बसलंय त्याला पाणी ओतून उठवता येत नाही, कुजवता मात्र येतं. मी स्वतः कुजवलेली आहेत, म्हणून सांगते.

आधी एक कबुली. तुमच्याकडे थंडी किती कडक असते, दव गोठतं का, ऊन किती तास येतं, झाडं कुंडीत आहेत की जमिनीत, यावर बरंच काही ठरतं. त्यामुळे ‘अमुक तारखेला हे करा’ असं मी सांगणार नाही. सांगेन त्या खुणा. खुणा कुठेही चालतात.

उबेपासून सुरुवात करू. १७३५ साली रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट मांडली: झाड दिवस मोजत नाही, ऊब मोजतं. समजा एखादं झाड १० अंशांच्या खाली हलतच नाही. मग ज्या दिवसाचं सरासरी तापमान १६ अंश, त्या दिवशी त्याच्या खात्यात ६ जमा. २२ अंशांच्या दिवशी १२. खात्यात ठरावीक बेरीज झाली की डोळा, म्हणजे फांदीवरचा झोपलेला कोंब, फुटतो. आता शेजारच्या बागेकडे बघा. तिथे दिवसभर तापणारी भिंत असेल, किंवा सकाळचं ऊन दोन तास आधी येत असेल, तर तीन आठवड्यांत त्यांच्या खात्यात तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त ऊब जमली. झाडं तीच, जात तीच, तरी दहा-पंधरा दिवसांचा फरक सहज पडतो. त्यात हवा तापली म्हणून माती लगेच तापत नाही. दुपारी तुम्हाला उकडायला लागतं, पण वीतभर खाली मुळांशी अजून थंडीच असते, आणि थंड मातीत मुळं पाणीही हळू उचलतात आणि अन्नही. कुंडी जमिनीपेक्षा लवकर तापते, पण रात्री तितक्याच लवकर निवते. शेजाऱ्यांची झाडं जमिनीत आणि तुमची कुंडीत असतील, तर तुलना सोडूनच द्या.

दुसरं घड्याळ रात्रीचं. १९२० साली गार्नर आणि अलार्ड या दोघांनी दाखवून दिलं की काही झाडं दिवस किती मोठा आहे हे ओळखून फुलतात. पुढे कळलं की ती खरं तर सलग अंधार मोजतात. तुमची शेवंती या जातकुळीतली. रात्री मोठ्या व्हायला लागल्या की ती कळी धरते. वसंतात रात्री लहान होत जातात, म्हणजे हा तिचा पानं वाढवण्याचा काळ. तिच्याकडून आत्ता फुलं मागणं म्हणजे पेरणीच्या दिवशी कणीस शोधणं. तिच्या बुडाशी आलेली पिल्लं मुळांसकट सोडवून नव्या कुंडीत लावा, वीतभर वाढली की शेंडे खुडा, म्हणजे झुडूप भरेल. आणि जाता जाता: ती कुंडी रात्रभर दिवा जळतो अशा ठिकाणी असेल तर हलवा. अंधार मध्येच मोडला तर हंगामातही ती कळी धरत नाही. मी एका ओळखीच्या घरी दोन वर्षं खतं बदलत राहिले होते, आणि दोष निघाला पायरीवरच्या दिव्याचा.

ट्युलिप, डॅफोडिलसारख्या कंदांना याच्या उलट आधी थंडी हवी असते, ट्युलिपला तर साधारण १२ ते १६ आठवडे. ती मिळाली नसेल तर पानं येतात, फूल येत नाही. ते तुमच्याकडे नाहीत, म्हणून पुढे जाते.

आता दांडके. मेलंय की झोपलंय, हे ओळखायला खत लागत नाही, नख लागतं. फांदीच्या शेंड्याजवळ नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर थोडं खाली सरकून पुन्हा बघा, जिथे हिरवं लागेल तिथपर्यंतच झाड गेलंय असं समजा. गुलाब, जास्वंद, हायड्रेंजिया, मोगरा, सगळ्यांना ही कसोटी चालते. मात्र शंका आली म्हणून सगळी फांदी सोलू नका. एका झाडाला दोन-तीन ठिकाणी पुरे.

अडेनियम आणि चाफ्याला खरवडण्यापेक्षा दाबून बघा. चाफ्याची फांदी बोटाला कडक लागली तर ठीक. थोडी सुरकुतलेली असेल तरी घाबरू नका, थंडीत पाणी कमी मिळालं की तसं होतं. दाबल्यावर पोकळ किंवा पिचपिचीत लागली तर मात्र आतून कुज आहे. अडेनियमचं बूड तसंच तपासा. या दोघांचा चीक अंगाला लागू देऊ नका. अडेनियमचा तर विषारी असतो. कापाकापी करायची तर हातमोजे घाला.

माझं पहिलं मोठं अडेनियम मी अशाच दिवसांत घालवलं. आठ वर्षांचं झाड, बूड माझ्या दोन्ही मुठींएवढं. पानं गळलेली बघून मला वाटलं तहानलंय, म्हणून रोज तांब्याभर पाणी. पंधरा दिवसांनी एका बाजूला झुकलं, हात लावला तर बूड उकडलेल्या बटाट्यासारखं. त्या वेळी मला एवढं साधं सुचलं नाही, की ज्या झाडाला पान नाही ते पाणी खर्च करणार तरी कुठून? पाणी पानांतून उडतं. पान नाही म्हणजे ओढ नाही, ओढ नाही म्हणजे घातलेलं पाणी कुंडीत तसंच साचून राहतं. ओल्याचिंब मातीत हवेला जागा उरत नाही आणि मुळं गुदमरतात. मुळं गेली की झाड मलूल दिसतं, आणि मलूल दिसलं की आपण आणखी पाणी घालतो. हा फेरा फार वाईट. कारण त्यात आपण रोज काळजीच घेत असतो.

म्हणून रोजचं पाणी आजपासून थांबवा. पाण्याचा दिवस कॅलेंडरवर ठरवायचा नाही, बोटाने ठरवायचा. दोन पेरं मातीत घाला. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तीच अवस्था कुंडीतही हवी: माती ओलसर, पण मुठीत दाबली तर लगदा होत नाही, उघडली की मोकळी होते. वरची दोन पेरं कोरडी झाली की पाणी, आणि द्यायचं तेव्हा खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. रोज घोट-घोट पाणी दिलं तर वरची माती सतत ओली आणि खालची मुळं कधी उपाशी, कधी बुडालेली. अडेनियम आणि चाफ्याला मात्र टोकाशी कोवळं पान किंवा फुलदांडा दिसेपर्यंत जवळजवळ काहीच नको. चाफ्याला पुष्कळदा पानांच्या आधी फुलदांडाच येतो, त्यामुळे दांडक्याच्या टोकावर रोज नजर असू द्या.

मोगऱ्याचा मामला थोडा निराळा. मोगरा पिकवणारे थंडीत मुद्दाम त्याचं पाणी तोडतात, पानं झडू देतात किंवा स्वतः ओरबाडतात, आणि मग छाटून, खत-पाणी देऊन बहार धरतात. याला ताण देणं म्हणतात. मोगऱ्याचं फूल नव्या फुटव्यावर येतं, म्हणून तुमची छाटणी मोगऱ्याच्या फायद्याचीच झाली. पिवळी पडणारी पानं कुठली ते बघा. खालची, जुनी, जाड पानं पिवळी होऊन गळत असतील आणि वर कोवळे कोंब हलत असतील, तर झाड जुने कपडे उतरवतंय, एवढंच. पण नवी कोवळी पानंही फिकी पडत असतील आणि माती दिवसचे दिवस ओली असेल, तर तो पाण्याचा अतिरेक. पान पिवळं पण शिरा हिरव्या, तेही नव्या पानांत, असं असेल तर लोह मिळत नाहीये. थंड, चिंब मातीत किंवा चुनखडीच्या मातीत असं होतं. अशा वेळी आधी निचरा सुधारतात, लोहाची बाटली नंतर.

खताबद्दल. कुंडीच्या कडेला किंवा मातीवर पांढरट थर आलाय का? ते साठलेले क्षार. मुळांबाहेर क्षार वाढले की पाणी मुळांत शिरण्याऐवजी बाहेर ओढलं जातं. म्हणजे माती ओली असूनही झाड तहानलेलं राहतं, पानांच्या कडा करपतात. असा थर असेल आणि झाडाला पानं असतील, तर एकदाच कुंडीच्या दोन-तीन पट साधं पाणी सावकाश ओतून क्षार धुवून काढा. वर म्हटलं पाणी थांबवा आणि आता म्हणते ओता, हे उलटसुलट वाटेल. पण हे औषधासारखं आहे, एकदाच, आणि त्यानंतर वरचा थर वाळेपर्यंत हात लावायचा नाही. पान नसलेल्या झाडांवर हा प्रयोग करू नका. त्यांची खत पडलेली वरची माती खरवडून काढून नवी, भुसभुशीत घाला. खत पुन्हा सुरू करायचं ते फुटवा बोटभर झाल्यावर, अर्ध्या मात्रेने. शेणखत, गांडूळखत असेल तर जरा मोकळा हात चालतो, पण नत्राचं रासायनिक खत दाबून दिलंत तर पाला माजेल आणि फूल लांबेल. बोगनवेल हे याचं ठळक उदाहरण: लाड केले की नुसता हिरवा पसारा, थोडी तहान लागू दिली की रंग. (आणि तो रंग पाकळ्यांचाही नसतो. फूल म्हणजे आतली ती बारीक पांढरी नळी.)

हायड्रेंजियाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. तुमचा मोठ्या पानांचा, गोल गुच्छांचा प्रकार असेल, तर त्याच्या कळ्या गेल्या हंगामातच फांद्यांच्या शेंड्यात तयार झालेल्या होत्या. छाटणीत त्या तुमच्याच कात्रीने गेल्या. झाड निरोगी आहे, पण यंदा त्याच्याकडून फारशी अपेक्षा नको. छाटणीचा नियम झाडाच्या नावावर नाही, ते कुठल्या लाकडावर फुलतं यावर ठरतो. जे जुन्या फांदीवर, वसंत लागताच फुलतं, त्याला फुलून झाल्यावर लगेच छाटायचं. जे नव्या फुटव्यावर फुलतं, गुलाब, मोगरा, जास्वंद, त्याला थंडीच्या शेवटी. ठाऊक नसेल तर एक वर्ष न छाटता फक्त बघायचं की कळी कुठून येतेय. एक वर्ष थांबणं जिवावर येतं, पण चुकीच्या कात्रीनेही वर्षच जातं.

गुलाब मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तुमची सर्वांत मोठी भीती तिथे आहे आणि तिथेच सर्वांत कमी काळजीचं कारण आहे. कोवळी पानं तांबडी असणं हा गुलाबाचा स्वभाव. ते लाल रंगद्रव्य कोवळ्या पानाला कडक उन्हापासून सांभाळतं. पान मोठं होऊन कामाला लागलं की आपोआप हिरवं होतं. छाटणीनंतर साधारण ६ ते ८ आठवड्यांत फूल धरा, ऊब जास्त असेल तर त्याच्या आत. बघायचं ते एवढंच की हे फुटवे कुठून आलेत. डोळा भरलेल्या जागेच्या, म्हणजे कलमाच्या गाठीच्या खालून सरळसोट, जोमदार, वेगळ्या पानांचा फुटवा निघाला असेल तर तो खुंटाचा, म्हणजे ज्या खालच्या झाडावर कलम बांधलंय त्याचा आहे. नवख्याला तोच सर्वांत आशादायक वाटतो, आणि तोच वरचं कलम उपाशी मारतो. जिथून निघालाय तिथून मुळापासून उपटून काढा. कात्रीने कापलात तर एकाचे तीन येतील.

तर या आठवड्याचं काम फार नाही. रोजचं पाणी बंद, बोट मातीत. खत बंद. दांडक्यांना नखाची आणि बोटाची परीक्षा. शेवंतीची पिल्लं वेगळी करायची, गुलाबाची गाठ तपासायची. हायड्रेंजियाला नुसतं राहू द्यायचं. रिकामी जागा फारच खुपत असेल तर झिनिया आणि चिनी गुलाबाचं बी टाका. माती उबदार असेल तर झिनिया आठवडाभरात उगवतो. चिनी गुलाबाचं बी मातीत पुरू नका, वर भुरभुरून हलकं दाबा. त्याला उजेड लागतो.

तुम्ही शेवटी लिहिलंय की रोज सकाळी चहा घेऊन बागेत उभं राहायचं आणि काहीच बदललेलं नाही म्हणून आत यायचं, हे वेडेपणाचं वाटतं. उभ्या राहा, फक्त जवळून बघा. आधी डोळा फुगतो, एवढा बारीक की कालचा आठवत असेल तरच कळतं. मग त्याची साल तडकते आणि फटीत हिरवा किंवा तांबूस ठिपका दिसतो. मग चोच. मग घडी घातलेलं पान सुटतं, आणि त्यानंतर सगळं इतकं भरभर होतं की दोन दिवस गावाला गेलात तर चुकतं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या गृहस्थाने १७३६ साली आपल्या आवारातल्या अशाच खुणा टिपायला घेतल्या: पहिलं फूल कधी, कुठल्या झाडाला पहिलं पान कधी. पुढे त्याच्या घराण्याने ती नोंद १९५८ पर्यंत चालू ठेवली. आपल्याला दोनशे वर्षांचं जमायचं नाही, पण एक वही करा. झाड, जागा, डोळा फुगल्याची तारीख, पहिल्या फुलाची तारीख, बस. माझ्या वहीत चाफा ओळीने चार वर्षं मोगऱ्यानंतर तीन आठवड्यांनी उठलेला दिसला, तेव्हापासून मी त्याला हात लावायचं सोडलं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पुढच्या पंधरवड्यात विचारालच. गुलाबाच्या आणि जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर हिरवा किंवा काळा मावा दिसेल, आणि त्याच्या मागोमाग मुंग्या. मावा रस पिऊन गोड चिकटा टाकतो, मुंग्या त्या गोडासाठी त्याची राखण करतात. या दिवसांत मावा नर-मादीच्या भेटीशिवायच पिल्लं देतो, त्यामुळे काल पाच होते ते पाच दिवसांनी शेंडा झाकून टाकतात. लगेच औषध फवारू नका. फुलं उघडायला लागलीत, मधमाश्या फिरताहेत. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने शेंडे धुवा, दोन-तीन सकाळी लागोपाठ. धुताना काळी, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, इवल्याशा मगरीसारखी दिसणारी अळी सापडली तर तिला मारू नका. ती ठिपकेवाल्या लाल भुंग्याची अळी आहे आणि दिवसभर मावाच खाते. ती ज्या शेंड्यावर असेल तो शेंडा धुवायचा राहू द्या.